आम्ही अमेरिकेला जातच नाही, मग टॅरिफ आणि डॉलरचा आमच्या सहलीशी काय संबंध?

पायवाट:

नमस्कार मंडळी. पुढच्या मे महिन्यात आई-बाबांना घेऊन तीन आठवडे युरोपला जायचं ठरवते आहे. आधी झुरिक आणि इंटरलाकेन, तिथून रेल्वेने मिलान आणि फ्लॉरेन्स, परतताना इस्तंबूलला चार रात्री. बाबा बहात्तर वर्षांचे आहेत. आईचे गुडघे अजून साथ देताहेत. त्यांना हा प्रवास एकदा घडवायचा हे किती वर्षं मनात आहे, आणि आता पुढे ढकललं तर राहूनच जाईल अशी भीतीही आहे. त्यामुळे खर्चाचा अंदाज चुकून चालणार नाही.

२०२५ च्या जानेवारीपासून मी एका वहीत रोज सकाळी डॉलरचा भाव लिहून ठेवते. जानेवारीत एका युरोला १.०३ डॉलरच्या आसपास पडत होते, जूनअखेर १.१७ च्या वर. बातम्यांत सगळीकडे 'डॉलर घसरला'. मला वाटलं, चला, आपली सहल स्वस्त होणार. प्रत्यक्षात विमानाचं तिकीट जागचं हललं नाही. फ्लॉरेन्सचं जे हॉटेल मी हेरून ठेवलं होतं, त्याने दर वाढवलेला नाही तरी आमच्या चलनात ते महागलं.

आम्ही अमेरिकेत पाऊलही ठेवणार नाही. मग अमेरिकेने कुणाच्या मालावर टॅरिफ (आयातकर) लावलं याने आमच्या खोलीचं भाडं का बदलावं? आणि मी आता नेमकं काय करू? युरो आजच घेऊन ठेवू का थांबू? हॉटेलचे पैसे आत्ता भरू का तिथे गेल्यावर? 'मार्केटवर लक्ष ठेवा' हा सल्ला घरी भरपूर मिळालाय. कशावर लक्ष ठेवायचं ते कुणी सांगेल का?

सरळरेषा:

सोपं आहे. टॅरिफ लागलं की आयात कमी होते, परकी चलनाची मागणी घटते, डॉलर वर जातो. कुठल्याही अर्थशास्त्राच्या पुस्तकात हेच आहे. आत्ता डॉलर खाली आहे तो तात्पुरता. डॉलरमध्ये पैसे ठेवा, वर गेला की युरो घ्या.

कॉस्टिंगवाली:

पायवाट, तुमचा प्रश्न वाचला आणि लिहिल्याशिवाय राहवेना. मी एकोणीस वर्षं परदेशी सहलींचं कॉस्टिंग केलं. सहलीच्या पत्रकावर 'दर माणशी' म्हणून जो एक आकडा छापतात, तो बसवणं हे माझं काम. तो आकडा एकच दिसतो, पण त्याच्या पोटात चार-पाच चलनं असतात. इथले वाचक निरनिराळ्या देशांत राहतात, म्हणून कुणाचं चलन कुठलं हे बाजूला ठेवते आणि नुसतं 'घरचं चलन' म्हणते.

आधी तुमच्या वहीबद्दल. तुम्ही लिहून ठेवलात तो डॉलर आणि युरो यांच्यातला भाव. तुमची सहल त्या भावावर चालत नाही. ती चालते घरच्या चलनाच्या युरोशी असलेल्या भावावर, आणि पहिले काही दिवस स्विस फ्रँकशी असलेल्या भावावर. 'डॉलर घसरला' याचा अर्थ तो इतर काही चलनांच्या तुलनेत घसरला, एवढाच. तुमचं घरचं चलन जर डॉलरच्या बोटाला धरून चालणारं असेल तर तेही युरोपुढे डॉलरबरोबरच खाली आलं. १२० युरोची खोली १.०३ च्या भावाने साधारण १२४ डॉलरला पडत होती, १.१७ ला ती १४० डॉलरच्या वर गेली. हॉटेलवाल्याने काहीच केलेलं नाही. तुमचं हॉटेल महागलं ते असं.

सरळरेषा, पुस्तकात तसंच आहे हे खरं. पण २ एप्रिल २०२५ ला अमेरिकेने जवळजवळ सगळ्या देशांवर टॅरिफ जाहीर केलं तेव्हा झालं उलटंच. प्रमुख चलनांच्या तुलनेत डॉलर मोजणारा जो निर्देशांक आहे, तो त्या वर्षीच्या पहिल्या सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून जास्त पडला. पहिल्या सहामाहीत एवढी पडझड १९७३ नंतर झाली नव्हती. आयात घटेल हा हिशोब एका बाजूला राहिला आणि अमेरिकेत पैसा गुंतवून बसलेल्यांचा भरवसा हलला, ते दुसऱ्या बाजूला जड झालं. म्हणून टॅरिफची बातमी वाचून चलन कुठे जाईल याचा अंदाज बांधून सहलीचे पैसे लावू नका, असं मी अगदी कळकळीने सांगते. आई-बाबांच्या प्रवासाचे पैसे आहेत ते.

आता एक दिवस सांगते. १५ जानेवारी २०१५, गुरुवार. त्याआधी सव्वातीन वर्षं, म्हणजे सप्टेंबर २०११ पासून, स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने सांगून ठेवलं होतं की एका युरोला १.२० फ्रँकपेक्षा कमी भाव आम्ही होऊ देणार नाही. आम्ही कॉस्टिंगवाल्यांनी तो १.२० जमिनीसारखा धरला होता. माझ्या एक्सेलच्या शीटमध्ये त्या खान्याला मी रंगही दिला नव्हता, कारण तो कधी बदलायचाच नाही. त्या दिवशी स्विस घड्याळात साडेदहा वाजता बँकेने ती मर्यादा काढून टाकली. काही मिनिटांत युरो एका फ्रँकच्याही खाली गेला, आणि पुढच्या दिवसांत एकास एकच्या आसपास घुटमळत राहिला.

मेच्या ग्रुपसाठी इंटरलाकेनची डबल रूम मी १८० फ्रँकला धरली होती. १.२० ने तिचे १५० युरो होत होते. एकास एकने १८० युरो. खोली तीच, बाल्कनी तीच, हॉटेलने पाठवलेल्या दरपत्रकावरची शाईसुद्धा तीच, आणि वीस टक्के जास्त. आमच्या कंपनीने लागणाऱ्या फ्रँकपैकी अर्धेच फॉरवर्डने, म्हणजे पुढे घ्यायच्या चलनाचा भाव आजच ठरवणाऱ्या कराराने, आधी बांधून ठेवले होते. उरलेल्यांचा भार प्रवाशांवर टाकायचा निर्णय वरून आला आणि दरवाढीची पत्रं मला पाठवावी लागली. एका निवृत्त शिक्षिकेचा फोन आला. "हॉटेलने भाडं वाढवलं का?" म्हटलं, नाही. "विमानाने?" नाही. "मग?" त्या 'मग'चं उत्तर मला तेव्हा धड देता आलं नाही. पैसे घेताना आम्ही त्यांना हे सांगायला हवं होतं की तुमच्या रकमेतला अर्धा भाग अजून उघड्यावर आहे. आम्ही ते सांगितलं नव्हतं. त्यानंतर मी कुणालाही आकडा देताना त्यातलं किती बांधलेलं आहे आणि किती मोकळं, हे सांगितल्याशिवाय दिला नाही.

व्यापारधोरणाशी संबंध इथेच आहे. बँकेने १.२० धरून ठेवला होता तो कुणासाठी? फ्रँक फार महाग झाला तर घड्याळं, यंत्रं बाहेर विकणाऱ्यांचा धंदा बसतो, मुख्यतः त्यांच्यासाठी. आणि परदेशी पाहुणा इंटरलाकेनला येऊन झोपतो तेव्हा स्वित्झर्लंडच्या हिशोबात ती निर्यातच असते. माल देशाबाहेर जाण्याऐवजी गिऱ्हाईक आत येतं, एवढाच फरक. म्हणजे निर्यातदारांसाठी घेतलेल्या निर्णयात तुमच्या खोलीचं भाडं आपोआप ओढलं जातं. तुमच्याबद्दल कुणी विचारही केलेला नसतो.

तिकीट मात्र वेगळं प्रकरण आहे. विमानकंपनीचा पाव ते एक तृतीयांश खर्च इंधनाचा, आणि तेल डॉलरमध्ये विकलं जातं. बरीच विमानं भाड्याने घेतलेली असतात, त्याचे हप्ते डॉलरमध्ये. सुटे भाग बहुतेक डॉलरमध्येच. म्हणून तुम्ही अमेरिकेला गेला नाहीत तरी तुमच्या तिकिटात डॉलर बसलेलाच असतो. टॅरिफ त्यात थेट फारसं शिरत नाही. १९४४ च्या शिकागो करारातच लिहिलंय की उतरलेल्या विमानाच्या टाकीत आधीपासून असलेल्या इंधनावर आणि विमानातल्या सुट्या भागांवर दुसऱ्या देशाने जकात लावायची नाही. विमानांवरच टॅरिफ लागल्याची उदाहरणं आहेत. विमानं बनवणाऱ्या युरोपच्या एअरबस आणि अमेरिकेच्या बोइंग यांच्या भांडणात अमेरिकेने ऑक्टोबर २०१९ मध्ये एअरबसवर १० टक्के लावलं, पुढे ते १५ केलं, युरोपने २०२० मध्ये बोइंगवर १५ लावलं, आणि २०२१ मध्ये दोघांनी पाच वर्षांसाठी ते बाजूला ठेवलं. पण विमान वीस-पंचवीस वर्षं उडतं. तेवढ्या तिकिटांत विभागलं की एका प्रवाशाच्या वाट्याला येणारा भाग बारीक.

तिकिटावर खरा परिणाम करतं ते दोन देशांमधलं हवाई वाहतुकीचं करारपत्र. कुणाच्या किती विमानांनी, कुठल्या शहरांत, आठवड्यातून किती वेळा उतरायचं, हे सरकारं बसून ठरवतात. हेही व्यापारधोरणच आहे, फक्त त्याची बातमी आतल्या पानावर येते. युरोपीय देशांनी १९९३ पासून आपापसात हे दार उघडलं आणि १९९७ पासून कुठल्याही सदस्यदेशाच्या कंपनीला दुसऱ्या देशातल्या अंतर्गत मार्गावरही उडायची मुभा दिली. स्वस्त विमानकंपन्या तिथे फोफावल्या त्या यामुळे. जिथे अजून मोजून मापून सीटा दिल्या जातात तिथे डॉलर कितीही पडो, तिकीट पडत नाही, कारण सीटांपेक्षा माणसं जास्त आहेत. तुमचं तिकीट हललं नाही त्याचं मोठं कारण बहुधा हेच. शिवाय मे महिना.

पैसे कधी भरायचे त्याबद्दल नंतर लिहिते, हात दुखायला लागले.

गच्चीवरून:

कॉस्टिंगवालींनी युरोप सांगितलं, मी इस्तंबूलचं सांगतो. २०२४ च्या शरदात गेलो होतो. तिथली लिरा इतकी घसरलेली आहे म्हणजे आपण राजासारखे राहू, अशा समजुतीने गेलो. २०२१ च्या सुरुवातीला एका डॉलरला साडेसात लिरा मिळत होत्या, मी गेलो तेव्हा तीसच्या वर.

पण लिरा पडली तशा तिथल्या किमती चढल्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये तुर्कस्तानची सरकारी आकड्यातली महागाईच ८५ टक्क्यांवर होती. चलन निम्म्यावर आलं आणि भाव दुप्पट झाले तर पाहुण्याच्या हातात काय उरतं? काही नाही. हा हिशोब मी निघायच्या आधी केलाच नव्हता.

दुसरं, पाहुण्यांकडून ज्याचे पैसे घ्यायचे ते त्यांनी हळूहळू लिरातून बाहेर काढलंय. आयासोफिया मशिदीच्या वरच्या सज्जात जायचं तिकीट जानेवारी २०२४ पासून परदेशी पाहुण्यांना २५ युरो आहे. तिकीटखिडकीशी उभं राहून मी लिरातला आकडा शोधत होतो. माझ्या हॉटेलचा दरही युरोतच होता. लिरा घसरल्याचा फायदा मला झाला तो एमिनोन्यूहून कादिक्योयला जाणाऱ्या बोटीत. तिथले रोजचे लोक ज्या बोटीने कामाला जातात, तिचं भाडं त्यांच्या पगाराकडे बघून ठरतं. आई-बाबांना संध्याकाळच्या बोटीत नक्की बसवा. वीसेक मिनिटांत आशियात पोचता आणि उजव्या हाताला अख्खं जुनं शहर दिसत राहतं. परतताना डाव्या हाताला.

सांगायचं एवढंच, की इस्तंबूलच्या चार रात्री तुमच्या वहीत लिराच्या खाली लिहू नका, युरोच्या खाली लिहा.

दिवेलागण:

पायवाट, "आमच्या प्रवासाचा व्यापाराशी काय संबंध" हा प्रश्न मला फार जवळचा आहे, कारण सरकारांनी तो संबंध कधीच नाकारलेला नाही. मी या विषयावरचं जुनं बरंच वाचत असतो, त्यातल्या दोन गोष्टी.

१९६६ साली ब्रिटनची व्यापारी तूट वाढत चालली होती आणि पौंडावर ताण आला होता. सरकारने ठरवलं की सुटीवर परदेशी जाणाऱ्याने वर्षाला ५० पौंडांपेक्षा जास्त परकी चलन न्यायचं नाही. किती नेलं त्याची नोंद पासपोर्टच्या शेवटच्या पानांवर व्हायची. म्हणजे समुद्रकिनाऱ्यावर आठवडा घालवायला निघालेल्या माणसाच्या पासपोर्टात देशाच्या ताळेबंदाची ओळ लिहिली जायची. एवढं करूनही १८ नोव्हेंबर १९६७ ला पौंडाचं अवमूल्यन करावंच लागलं, २.८० डॉलरवरून २.४० वर. त्या रात्रीनंतर परदेशात त्याच ५० पौंडांचं वजन एक सप्तमांशाने कमी झालं. मर्यादा पुढे १९७० पर्यंत टिकली.

दुसरी गोष्ट अगदी उलटी. २२ सप्टेंबर १९८५ ला न्यू यॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच देशांनी मिळून डॉलर खाली आणायचं ठरवलं, कारण अमेरिकेची व्यापारी तूट. तेव्हा एका डॉलरला २४० च्या घरात येन पडत होते, वर्षभरात ते १६० च्या खाली आले. जपानी माणसाच्या हातातला येन एकदम बळकट झाला. आणि तिथल्या सरकारने १९८७ मध्ये चक्क योजना आखली की वर्षाला एक कोटी जपान्यांनी परदेशी फिरायला जावं. बाहेर खर्च होईल, निर्यातीचं आयातीवरचं डोळ्यांवर येणारं आधिक्य थोडं खाली येईल, भागीदार देशांचा राग शमेल. १९८५ मध्ये सुमारे ५० लाख जपानी परदेशी गेले होते. १९९० मध्ये एक कोटीचा टप्पा ओलांडला गेला, ठरवलेल्या मुदतीच्या आधी.

तोच येन पुढे २०२४ च्या जुलैत डॉलरला १६० च्या पलीकडे घसरला आणि त्या वर्षी जपानला ३ कोटी ६८ लाखांहून जास्त परदेशी पाहुणे आले. त्याच वेळी सामान्य जपानी कुटुंबाला परदेशी जाणं परवडेनासं झालं. दोन्ही चित्रं एका भावाचीच आहेत, कुठून बघता एवढाच प्रश्न. मला मनापासून वाटतं की आपण पाहुणे म्हणून 'तिथे आता स्वस्त आहे' असं म्हणतो तेव्हा तिथल्या माणसाचाही विचार व्हावा.

एक जोड: जागतिक व्यापार संघटनेच्या सेवाकरारात परदेशी जाऊन सेवा घेणं हा व्यापाराचा एक प्रकार म्हणून नोंदलेला आहे. विमानांचे उड्डाणहक्क मात्र त्यातून मुद्दाम बाहेर ठेवलेत. ते अजून देशादेशांच्या आपसातल्या करारांवरच चालतात, कॉस्टिंगवाली म्हणाल्या तसे.

पायवाट:

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. गच्चीवरून, बोटीचं बाबांना वाचून दाखवलं, ते नकाशा काढून बसलेत.

वहीत आता डॉलरचा रकाना बारीक केला आणि युरो आणि फ्रँकचे दोन नवे रकाने आखले, घरच्या चलनात. आणि खरंच, नव्या रकान्यातली चढण आणि हॉटेलच्या दरातली चढण तंतोतंत जुळतेय.

कॉस्टिंगवालीताई, उरलेलं कधी लिहिताय? बुकिंगच्या साइटवर दोन पर्याय दिसतात: 'आत्ता भरा', घरच्या चलनात, आणि 'हॉटेलवर भरा', युरोत. पहिला थोडा स्वस्त दिसतोय. मोह होतोय.

मुक्कामपोस्ट:

मध्येच विचारतो, माफ करा. आम्ही जाताना दोन दिवस दुबईला थांबणार आहोत. दिऱ्हॅमचा भाव वेगळा बघावा लागेल का?

कॉस्टिंगवाली:

मुक्कामपोस्ट, वेगळा नको. दिऱ्हॅम डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला ३.६७२५, १९९७ पासून तोच. दुबईचे दोन दिवस म्हणजे डॉलरमधले दोन दिवस. हाँगकाँगचंही तसंच, ७.७५ ते ७.८५ च्या पट्ट्यात. आणि डेन्मार्कचा क्रोन युरोच्या मागे चालतो. कुठलं चलन कुणाला बांधलंय हे माहीत असलं की वहीतले निम्मे रकाने कमी होतात.

पायवाट, आता तुमचं. 'स्वस्त दिसतोय' यातल्या 'दिसतोय'कडे बघा. युरोतला दर घ्या, त्या दिवशीच्या मधल्या भावाने (विकत घ्यायच्या आणि द्यायच्या भावांच्या बरोबर मधला) गुणा, मगच घरच्या चलनातल्या आकड्याशी ताडून बघा. साइट रूपांतर करते तेव्हा तिचं मार्जिन त्या भावातच मिसळलेलं असतं, वेगळी ओळ दाखवत नाहीत. ते धरूनही 'आत्ता भरा' स्वस्त निघत असेल, तर ती सवलत रद्द न करता येण्याची आहे का ते वाचा. बाबांचं वय बघता मी परतावा मिळणारा दर घेईन, चार पैसे जास्त गेले तरी. भाव हलून काही टक्के जातील, तब्येतीपायी सहल रद्द करावी लागली तर शंभर टक्के जातात.

युरो आज का उद्या? मला माहीत नाही, आणि ज्यांना माहीत आहे असं म्हणतात त्यांनाही नाही. ब्रिटनने युरोपीय संघात राहावं का यावरचं मतदान २३ जून २०१६ ला संपलं तेव्हा पौंड १.५० डॉलरच्या आसपास होता. सकाळपर्यंत ब्रेक्झिटचा, म्हणजे बाहेर पडण्याचा, निकाल आला आणि तो १.३३ च्याही खाली गेलेला होता. त्या संध्याकाळी ज्याने सगळे पौंड घेतले तो आणि ज्याने दुसऱ्या दिवशी घेतले तो, दोघंही तेवढेच शहाणे होते. म्हणून तुकडे करा. जे खर्च नक्की आहेत, म्हणजे हॉटेल, स्वित्झर्लंडची रेल्वे, त्यांच्यापुरते युरो आणि फ्रँक तीन हप्त्यांत घ्या, आता, तीन महिन्यांनी, आणि निघायच्या आधी. फॉरेक्स कार्डावर, म्हणजे परदेशी चलन आधीच भरून ठेवायच्या कार्डावर, चढवून ठेवलं की ते बांधलेलं झालं. इटलीच्या वेगवान गाड्यांची तिकिटं मात्र विक्री सुरू झाली की लगेच काढा. तिथे भावाचा प्रश्न नाही, स्वस्त सीटा मोजक्या असतात आणि आधी संपतात.

नोटा बदलणार असाल तर फलकावर 'कमिशन नाही' वाचून हुरळू नका. विकत घ्यायचा आणि द्यायचा, दोन्ही भाव वाचा. समजा विमानतळावर युरो १.०८ डॉलरने घेतात आणि १.२२ ने देतात. मधला भाव १.१५. म्हणजे जाऊन-येऊन बारा टक्के त्या दोन आकड्यांच्या फटीत गेले. तुम्ही सहा महिने वहीत ज्या हालचाली टिपल्या, जवळपास तेवढेच, एका खिडकीशी उभं राहून दोन मिनिटांत. मला याचा फार त्रास होतो, कारण घासाघीस करून, रात्र रात्र जागून माणसं हॉटेलं शोधतात आणि इथे गप्प बसून पैसे देतात.

गच्चीवरून:

ताईंच्या फटीवरून आठवलं. फ्लॉरेन्सच्या हॉटेलातून निघताना काउंटरवरच्या मुलीने कार्डाचं मशीन माझ्याकडे वळवलं. स्क्रीनवर दोन आकडे: वर माझ्या घरच्या चलनातला, हिरव्या बटणाशी, आणि खाली ३६० युरो. घरचा आकडा ओळखीचा, वाचायला सोपा, म्हणून बोट तिकडेच जात होतं. खाली अगदी बारीक अक्षरांत लिहिलं होतं की युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या भावावर इतके टक्के जास्त लावलेत. युरोपीय संघात हे दाखवणं कायद्याने बंधनकारक आहे, म्हणून दिसलं तरी. माझ्या पावतीवर ते ५.९ टक्के होतं. मी खालचं बटण दाबलं. बायकोने आदल्या दिवशी दुसऱ्या दुकानात वरचं दाबलं होतं. दोन्ही पावत्या घरी आल्यावर स्टेटमेंटशी लावून बघितल्या. माझ्यावर बँकेचं परदेशी व्यवहाराचं शुल्क लागलं होतं २ टक्के. तिच्यावर ते ५-६ टक्के आधीच गेले होते आणि बँकेने वर स्वतःचं शुल्कही लावलं, कारण दुकान परदेशातलं.

आई-बाबांच्या हातात कार्ड देणार असाल तर निघायच्या आधी त्यांना हे एकदा दाखवा. नेहमी तिथलं चलन निवडायचं. मशीन त्यांच्याकडे न वळवता कुणी स्वतःच बटण दाबत असेल तर थांबवायचं आणि पुन्हा करायला सांगायचं. रद्द करून नव्याने घेता येतं, ते कुरकुर करत नाहीत.

पायवाट:

आज काय केलं ते लिहून ठेवते, पुढे कुणाला उपयोग होईल.

फ्लॉरेन्सचं हॉटेल 'हॉटेलवर भरा' घेतलं, युरोत, प्रवासाच्या तीन दिवस आधीपर्यंत रद्द करता येणारं. गुणाकार केल्यावर साइटचा घरच्या चलनातला भाव मधल्या भावापेक्षा चार टक्के वर निघाला. 'थोडा स्वस्त' होता तो फक्त सवलतीच्या पट्टीमुळे. इंटरलाकेनला थेट हॉटेललाच मेल टाकली, फ्रँकमध्ये दर मागितला आणि आईसाठी लिफ्टजवळची खोली. पहिल्या हप्त्याचे युरो आणि फ्रँक कार्डावर चढवले. वहीच्या पहिल्या पानावर दोन बेरजा लिहिल्यात, बांधलेलं आणि मोकळं. सध्या बांधलेलं एक तृतीयांशाला जरा कमी आहे.

बाबांनी काल विचारलं, डॉलर आज काय म्हणतोय? मी त्यांना फ्रँकचा रकाना दाखवला. त्यांनी चष्मा लावून पूर्ण पान वाचलं आणि म्हणाले, यापुढे सकाळचा भाव मी लिहीत जाईन.

कॉस्टिंगवाली:

त्यांना सांगा, रोज एकाच वेळेला लिहा, आणि शनिवार-रविवार रिकामे सोडा. बाजार बंद असतो, तो आकडा शुक्रवारचाच असतो. इंटरलाकेनचा दर आला की इथे टाका, त्यात स्थानिक पाहुणाकर धरलाय का वेगळा आहे ते बघून सांगते. बहुतेक ठिकाणी तो माणशी, दर रात्री वेगळा लागतो, आणि फ्लॉरेन्सलाही तसाच आहे.